विचारणारी चौकट

"अहो, तुम्ही आधी स्वयंपाकघरात जा बघू. मागे कोणी उभं असलं की मला सुचत नाही."

पानेकाका गेले. म्हणजे दारापर्यंत गेले आणि बिजागरीत काही बिघडलंय का ते बघत तिथेच थांबले. बिजागरी ठणठणीत होती, कारण मागच्याच आठवड्यात त्यांनी तिला तेल घातलं होतं. पण उभं राहायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं, आणि काकांकडे निमित्तांचा कधी तुटवडा नसे.

टेबलाशी काकू बसल्या होत्या. समोर कॉम्प्युटर, पडद्यावर कुठल्याशा तळ्याचं चित्र आणि चित्राच्या मधोमध ती पांढरी चौकट. आत एक बारीक उभी रेघ लुकलुकत होती. पासवर्ड टाका, असं तिचं म्हणणं होतं. काकूंनी दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. काहीतरी टाइप केलं. पासवर्ड चुकीचा आहे, असं पडद्याने कळवलं.

काकांचा बिजागरीवरचा हात तसाच राहिला.

चुकल्यावर चौकटीखाली एक ओळ उमटायची. पासवर्ड ठेवताना आपल्याच आठवणीसाठी लिहून ठेवायची सूचना असते, ती. काकूंनी फार पूर्वी तिथे लिहिलं होतं, 'बोटांना विचार'. ती वाचून काकू स्वतःशीच हसल्या, डोळे मिटले आणि बोटं सोडून दिली. पडदा उजळला.

काकांनी सोडलेला श्वास पार टेबलापर्यंत ऐकू गेला.

"हुश्श काय करताय? लिफ्ट अडकली होती का?" काकूंनी मागे न बघताच विचारलं.

पानेकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. उभा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेला, निवृत्त झाल्यावरही खिशात एक पाना कायम, म्हणून इमारतीने त्यांना ते नाव बहाल केलं. त्यांच्यामुळे काकू पानेकाकू झाल्या. "माणसाशी लग्न केलं आणि पान्याचं नाव लागलं," असं त्या म्हणत. माणूस मोठा चुळबुळ्या. कुरकुरणारं दार, ठिबकणारा नळ, हलणारं स्टूल यांना काकांच्या राज्यात थारा नव्हता. बिघडलेलं काही दिसलं की त्यांच्या बोटांना चैन पडत नसे, आणि आयुष्यभर त्यांना जे जे बिघडलेलं भेटलं ते सगळं दुरुस्त झालं होतं. त्यामुळे त्यांचा स्वभाव जरा बिघडला होता.

काकू एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होत्या. सगळ्या इस्पितळाचे फोन त्यांच्या बोर्डावरून जात. गंमत अशी, की कोणी कुठल्या वॉर्डाचा नंबर विचारला तर त्यांना तो सांगता यायचा नाही. "नंबर नाही हो मला माहीत. थांबा, जोडून देते," असं म्हणायच्या, आणि म्हणेपर्यंत बोटं जाऊन आलेली असायची. सगळे नंबर बोटांत होते, डोक्यात एकही नव्हता. निवृत्त झाल्यावर मुलीने कॉम्प्युटर घेऊन दिला तेव्हा त्यांनी पासवर्डही तसाच ठेवला. काय आहे ते कोणाला सांगितलं नाही. मुलीला नाही, नवऱ्याला तर नाहीच.

"अगं, निदान मला तरी सांगून ठेव," काका तेव्हा म्हणाले होते.

"सांगता आला असता तर सांगितला असता," काकू म्हणाल्या होत्या. त्या खरंच बोलत होत्या.

मग विसर सुरू झाला. आधी किल्ल्या, मग शेगडी, मग शेजारणीचं नाव. एकदा त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायला निघाल्या आणि दुसऱ्याच जिन्याने वर चढून एका अनोळखी दाराची घंटा वाजवत राहिल्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, चित्रं दाखवून नावं विचारली आणि काकांना बाजूला घेऊन सांगितलं की हे हळूहळू वाढणार. नवीन गोष्टी टिकणार नाहीत. जुन्या सवयी जेवढ्या चालू ठेवाल तेवढ्या टिकतील. काकांनी मान डोलावली. सवयी म्हणजे फिरणं, आंघोळ, जेवणाच्या वेळा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. सकाळची ती पांढरी चौकटसुद्धा एक सवयच आहे, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांना ती फक्त अडकलेलं दार वाटायची.

रोज सकाळी चहा झाला की काकू कॉम्प्युटरशी बसत आणि परगावी असलेल्या मुलीला चार ओळी लिहीत. काल काय झालं, कोण भेटलं, तुझे बाबा आज काय उचकटून बसलेत. पण तिथवर पोचायला ती चौकट ओलांडावी लागे, आणि काही दिवसांपासून तिथे वेळ लागू लागला होता. कधी एका झटक्यात दार उघडे, कधी चार-चार वेळा चुके. काकूंना त्याचं एवढं काही वाटत नसे. थांबायच्या, हसायच्या, पुन्हा बसायच्या. हाल काकांचे होत. ते स्वयंपाकघरात जात, बाहेर येत, गॅलरीत जात, परत येत. त्यांना वाटे, आज नाही आलं तर? आज हिच्या लक्षात आलं, की आपल्याला आता हेही येत नाही, तर? त्या क्षणी तिच्या तोंडाकडे बघायची त्यांची छाती नव्हती. खरं सांगायचं तर तेवढंच होतं सगळं. त्यांना तिचं ते तोंड बघायचं नव्हतं.

त्या दिवशी काकूंची मेल लिहून व्हायच्या आतच ते चपला सरकवून खाली गेले.

इमारतीच्या तळमजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला, आवाज खणखणीत. कोणी काहीही तक्रार घेऊन आलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "बंद करून चालू करून पाहिलंत का?" म्हणून सगळे त्यांना रीस्टार्टबाई म्हणत, आणि त्याही त्या नावाला ओ देत.

"बाई, मला तो पासवर्डच नको," काका म्हणाले.

"बसा तरी काका. कोणाचा? काकूंचा?"

"तिचाच. मशीन चालू केलं की सरळ आत जायला पाहिजे. कोणी विचारायचं नाही, काही नाही. समोर उभं राहिलं की दार उघडलं, असं."

"होतं की तसं. त्यात काय मोठं?" रीस्टार्टबाई म्हणाल्या. "पासवर्ड काढायचा नसतो, तो आत राहतोच. फक्त मशीनला एकदा सांगून ठेवायचं, की बाबा, तूच तो मनातल्या मनात म्हण आणि उघड. एका चौकोनात बरोबरची खूण असते, ती काढली की झालं. पण ती काढताना मशीन पासवर्ड मागतं. तोही दोनदा. माहीत आहे ना तुम्हाला?"

"मला कुठून माहीत असणार?"

"मग काकूंना टाकावा लागेल. आणि आणखी एक सांगते, मशीन मध्येच झोपतं ना, ते उठल्यावरही विचारतं. ती दुसरी जागा. तीही बंद करावी लागेल, नाहीतर परत माझ्या नावाने बोंब माराल."

"दोन्ही करा."

रीस्टार्टबाईंनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घेतला आणि काकांकडे नीट पाहिलं. "काकूंना विचारलंय का?"

"तिच्या सोयीसाठीच तर आहे," काका म्हणाले आणि काउंटरवरचा एक सैल स्क्रू नखाने पिळू लागले.

दुपारी बाई वर आल्या. काकूंशी बोलता बोलता त्यांनी कुठली कुठली पानं उघडली, ती खूण काढली, आणि पासवर्ड मागणाऱ्या दोन रिकाम्या चौकटी समोर आल्यावर उठून खुर्ची काकूंना दिली. "काकू, तुमच्या इस्पितळात म्हणे रात्रीबेरात्री डॉक्टर लोक तुमच्यावर ओरडायचे?"

"ओरडतील काय! एकाला मी चुकून मुद्दाम शवागारात जोडून दिलं होतं," काकू म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांची बोटं वरच्या चौकटीत जाऊन आली, खालच्या चौकटीत जाऊन आली. दोन्ही जुळले. काकांना वाटलं, बाईंना घट्ट मिठी मारावी.

बाईंनी मशीन बंद करून चालू करून दाखवलं, त्याशिवाय त्यांना राहवलंच नसतं. तळ्याचं चित्र आलं, गेलं, आणि सरळ आत.

"आता विचारणारच नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. थेट आत."

"बरं," काकू म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते बघायला काका तिथे नव्हते. ते बाईंसाठी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले होते, आणि बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होते.

पुढचे काही दिवस घरात शांतता होती. काकू बसल्या की मशीन उघडायचं. एकदा त्या म्हणाल्या, "आज विचारलं नाही मला." काका म्हणाले, "अगं, आता नाही विचारत ते. आपण बंद केलं ना?" "हो का," काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्यांनी म्हणायचं सोडलं. पुढेपुढे त्या बसायच्या, पण उघडलेल्या पडद्याकडे बघत राहायच्या, आणि थोड्या वेळाने उठून गॅलरीतल्या खुर्चीवर जायच्या. मुलीचा फोन आला, "बाबा, आईच्या मेल का येत नाहीत?" काका म्हणाले, "येतील गं. हल्ली जरा कंटाळा करते." फोन ठेवल्यावर मात्र ते घरभर फिरले, आणि काही बिघडलेलं सापडेना म्हणून बरा असलेला नळ उघडून बसले.

मग एका सकाळी चौकट परत आली.

कॉम्प्युटरने आदल्या दिवशी स्वतःचं काहीतरी मोठं अपडेट करून घेतलं होतं आणि त्यात बाईंनी करून दिलेली सोय पुसली गेली होती. काकांना हे नंतर कळलं. त्या वेळी त्यांना फक्त तळ्याचं चित्र दिसलं आणि मधोमध ती लुकलुकणारी रेघ.

काकू चांगल्या खुशीत येऊन बसल्या. जुनं कोणी भेटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "आलीस का," असं म्हणून त्यांनी हात कीबोर्डवर ठेवले.

बोटं हलली नाहीत.

त्यांनी हात उचलून पुन्हा ठेवले. काहीतरी टाइप केलं. चुकीचं. खाली ओळ उमटली, 'बोटांना विचार'. काकूंनी डोळे मिटले. काका दाराशी उभे होते आणि या वेळी बिजागरीचं निमित्तसुद्धा त्यांना सुचलं नाही. बराच वेळ गेला. काकूंनी डोळे उघडले, दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

"अहो," त्या म्हणाल्या, "काय होतं हो ते?"

जे तोंड बघायचं नाही म्हणून काकांनी एवढा खटाटोप केला होता, ते तोंड त्यांच्याकडे वळलेलं होतं. रोज सकाळी ती बोटं त्या वाटेने जात होती म्हणून ती वाट राहिली होती. वाट कोणी बंद केली, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या लख्ख कळलं. आपणच. तेही शीळ घालत.

"मी बाईंना बोलावतो," ते म्हणाले आणि चपला न घालताच खाली धावले.

रीस्टार्टबाई आल्या. त्यांनी खटपट करून जुना पासवर्ड उडवला. मेल, फोटो, सगळं जिथल्या तिथे होतं, काही गेलं नव्हतं. काका दहा वेळा तेच विचारत होते आणि बाई दहा वेळा तेच सांगत होत्या.

"आता पासवर्ड ठेवतच नाही मी. चौकट कोरीच," बाई म्हणाल्या. "कधी काही विचारायलाच नको. चालेल ना काकू?"

"चालेल, चालेल," काका म्हणाले.

"बाईंनी मला विचारलंय," काकू म्हणाल्या.

बाई काकूंकडे वळल्या.

"मला नवीन ठेवून द्या."

"अगं, कशाला पुन्हा त्रास? तुझ्याच सोयीसाठी..."

"अहो, नळ तुम्हाला येतो. दारं तुम्हाला येतात. शेगडी मला लावू देत नाही, भाजी आणायला एकटीला पाठवत नाही. दिवसभरात हे एकच मी करत होते, जे तुम्हाला येत नव्हतं. तेही तुम्ही दुरुस्त केलंत."

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. ते खिशातला पाना चाचपत राहिले आणि रीस्टार्टबाई पडद्यावर उगाचच काहीतरी शोधत राहिल्या.

नवीन पासवर्ड ठेवायलाच अर्धी सकाळ गेली. एकदा टाकायचा, मग खात्रीसाठी तोच पुन्हा टाकायचा. काकू पहिल्यांदा टाकत आणि दुसऱ्या चौकटीपर्यंत जाईतो तो हातातून निसटे. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून मशीन सांगे. पुन्हा. पुन्हा जुळत नाहीत. काका जिन्यात जाऊन बसले, कारण खोलीत राहिले असते तर त्यांनी काहीतरी केलंच असतं. शेवटी आतून बाईंचा आवाज आला, "जमलं!" काकांनी पायरीवरूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तो पासवर्ड काकूंना आठवला नाही. बाई वर आल्या, नवीन ठेवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तोही गेला. बाईंनी एका पैशाचं नाव काढलं नाही, की कटकट केली नाही. रोज दुकान उघडायच्या आधी वर यायच्या, "काय काकू, बंद करून चालू करू या?" म्हणायच्या. काकू सोपा ठेवत, आणखी सोपा ठेवत. बोटं तो टाकत, पण ठेवून घेत नव्हती. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते काकांना आता वेगळंच ऐकू येऊ लागलं. सकाळ झाली की ते स्वयंपाकघरात जात आणि ओट्याला घट्ट धरून उभे राहत. बाहेरून कळांचा आवाज येई, मग थांबे, मग पुन्हा येई. त्यांचे पाय निघायला बघत आणि ते त्यांना निघू देत नसत. आयुष्यात एवढं जड काम त्यांनी केलं नव्हतं.

असे कितीतरी दिवस गेल्यावर एका सकाळी काकूंनी हाक मारली. "अहो, इकडे या."

काका हात पुसत आले. चौकट रिकामी होती. काकूंनी बाईंना आधीच बोलावून घेतलं होतं. बाई चष्मा हातात धरून उभ्या होत्या.

"आता तुम्हीच ठेवा एक," काकू म्हणाल्या.

"मी?"

"माझ्याजवळ राहत नाही. तुमच्याजवळ राहील. रोज तुम्ही उघडून द्या, मी लिहीन."

"अगं, मग ठेवायचाच कशाला? बाई काढून टाकतील ना..."

"नको. विचारू दे. मला नाही तर तुम्हाला विचारू दे. सरळ आत गेलं की मला कळतच नाही हे माझं आहे की दुसऱ्या कोणाचं."

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली आणि खुर्ची मागे ओढली. काका बसले. आयुष्यभर पाने पिळलेली बोटं, जाड आणि पेरांशी वाकडी. कीबोर्डवरची अक्षरं त्यांना शोधावी लागत होती. काय ठेवायचं हे मात्र त्यांना शोधावं लागलं नाही. त्यांनी ते वरच्या चौकटीत टाकलं, खालच्या चौकटीत टाकलं, आणि पहिल्याच फटक्यात जुळलं. बाईंनी मशीन बंद करून चालू केलं.

तळ्याचं चित्र आलं. चौकट आली.

काका पुन्हा एका बोटाने टाइप करू लागले. मध्येच त्यांच्या लक्षात आलं की शेजारच्या स्टुलावर बसलेल्या काकूंनी मान वळवली आहे. दुसऱ्याचा पासवर्ड बघायचा नसतो, म्हणून त्या खिडकीबाहेर बघत होत्या. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादर वाळत घालत होतं. काकांना एकदम अक्षरं दिसेनाशी झाली, बोट भलत्याच कळेवर पडलं आणि मशीनने सांगितलं, पासवर्ड चुकीचा आहे.

"सावकाश," काकू खिडकीकडेच बघत म्हणाल्या. "घाई नाही काही."

काकांनी बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. त्यांचं टाइप करून होईपर्यंत काकूंनी मान वळवली नाही.